लिफ्टशेजारी लावलेला आलेख

मार्चेला गिनेआ चिडली की तिचे कान लाल व्हायचे, आणि त्या हिवाळ्यात ते बहुतेक लालच असायचे. गालात्स बंदराच्या गोदीत क्रेनच्या मोटारी दुरुस्त करणारी ही चाळिशीची बाई. आठ मजली इमारतीच्या गच्चीवर चढून तिनेच तारा ओढल्या होत्या आणि एका इंटरनेट लाइनवर सगळी घरं जोडली होती. कौतुक राहिलं बाजूला, लाइन मंदावली की लोक जिन्यात तिलाच धरायचे.

"काय मार्चेलाबाई, सगळी लाइन एकट्याच गिळता वाटतं? आम्हाला थोडी उष्टी तरी ठेवा!" इमारतीचा कारभारी पेत्कु एकदा सगळ्यांदेखत म्हणाला. लोक खो खो हसले.

घरी येऊन तिने दार असं आपटलं की भिंतीवरची तसबीर हलली. "मला चोर म्हणतो मेला! थांब, दाखवतेच."

गोदीच्या कचेरीने मोडीत काढलेला एक संगणक तिने आणला. त्यावर लिनक्स चढवलं आणि तारांमधली ये-जा मोजून आलेख काढणारा प्रोग्राम बसवला. ज्या पेटीत सगळ्या तारा येऊन मिळत, त्या पेटीला तो दर पाच मिनिटांनी विचारणार होता, की कुणाच्या घरात किती आलं आणि किती बाहेर गेलं. आत येणाऱ्याचा हिरवा डोंगर, बाहेर जाणाऱ्याची निळी रेघ. पण आलेख कोरेच राहिले. पेटी दादच देईना. शिव्या घालत मार्चेलाने सगळं पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं, परवलीच्या शब्दात एक अक्षर चुकलं होतं. ते सुधारल्यावर रविवारी दुपारपर्यंत घराघराचे डोंगर उभे राहिले.

तिचं स्वतःचं जेमतेम टेकाड. एकोणीस नंबरच्या घराची निळी रेघ मात्र वर छताला टेकलेली, ती खाली यायचं नाव घेईना.

रागाच्या भरात मार्चेलाने तो आलेख छापून, घराच्या नंबरासकट, लिफ्टशेजारी चिकटवला. खाली लिहिलं, 'चोर कोण, डोळे उघडून बघा.'

एकोणीसमध्ये ओलिम्पिया स्तोइका राहायच्या. निवृत्त संगीतशिक्षिका, एकट्याच. मुलगी स्पेनमध्ये मोलमजुरीला. संगणकावर तिचा आवाज ऐकू यायचा, तेवढीच त्यांची चैन.

दुसऱ्या दिवशी मार्चेला कामावरून परतली, तर एकोणीसची तार गच्चीवरून तुटून लोंबत होती.

"मीच कापली, सगळे हसत बघत होते," पेत्कु मिशीत हसत म्हणाला. "चोराला दयामाया कसली?"

मार्चेला धावतच वर एकोणीसमध्ये गेली. ओलिम्पियाबाईंचा संगणक उघडून बघते, तर त्यात व्हायरस शिरलेला. बाईंच्या नकळत तो जगभर पत्रं पाठवत सुटला होता.

"बाई, तुमचा काही दोष नाही. यंत्रात कीड लागलीय."

"हे कालच कळलं असतं गं, तू दार वाजवलं असतंस तर," ओलिम्पियाबाई म्हणाल्या. "जिन्यात रोज भेटतेस. मला विचारायच्या आधी भिंतीला सांगितलंस?"

 मार्चेलाने संगणक साफ केला, खाली आली आणि मुख्य लाइनच उपसून काढली. बघता बघता मजल्यामजल्यावरची दारं उघडली.

"लाइन गेली!" पेत्कु ओरडला.

"गेली नाही, मी काढली! कागद लावणारी मूर्ख मी. पण तार कापलीस तू. आता वर चढून जोडायचीस पण तूच!"

"आमचा काय गुन्हा?" मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हातारीची तार कापताना दात काढत उभे होतात ना? मग बसा आता भिंतीकडे बघत!"

पेत्कु हटून बसला. शेवटी त्याच्याच बायकोने त्याला बाहेर काढलं, "तार जोडून ये, मगच ताटावर बस!" तो बर्फातून गच्चीवर गेला. मार्चेला शेजारी उभी राहून प्रत्येक गाठीला त्याला बोल लावत होती. माफी त्याने कधीच मागितली नाही.

मार्चेलाने मागितली, भर जिन्यात. ओलिम्पियाबाईंनी ऐकून घेतली, "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आलेख पुढेही चालत राहिले, पण ते फक्त मार्चेला बघायची. कुणाची रेघ चढली की ती शिव्या पुटपुटत जिने चढायची आणि दार वाजवायची.