दारात एकही चप्पल नव्हती

“घरी एकटीनं गायलं की रडू येतं गं, सगळ्यांत बसून गायलं की धीर येतो.” माझ्या सासूबाई फार वर्षांपूर्वी असं म्हणाल्या होत्या. आज दिवसभर तेच आठवतंय. ग्रुपवर आपलीच माणसं आहेत, म्हणून लिहिते.

मानवतला आम्ही काही ख्रिस्ती कुटुंबं दर रविवारी योसेफदादाच्या घरी उपासनेला जमतो. दारातल्या चपला बघूनच कोण कोण आलंय ते कळतं. आज दारात एकही चप्पल नव्हती. मला वाटलं, कोणीच आलं नाही.

दादानं दार जरासंच उघडलं. “चपला हातात घेऊन आत या, ताई. समोर गाडीवर बसलाय ना, तो मागल्या रविवारीबी होता. दाराचे फोटो काढायलाय.”

आत खिडक्या बंद होत्या. ढोलकीला कोणी हात लावला नाही. आम्ही गीत ओठांतल्या ओठांत म्हटलं, आणि बाहेर जरा आवाज झाला की मधेच थांबलो.

शेवटी दादा म्हणाला, “आता ज्यानं त्यानं घरीच करा. देव काय तिथं ऐकत न्हाई का?”

एकट्या राहणाऱ्या सुमनमावशी म्हणाल्या, “देव ऐकतो रे. पण माझ्या घरात आमेन म्हनायला कोन हाय?”



दादा, तू हे वाचशील. त्या घरात तुझी लेकरं झोपतात, त्यामुळे तू नाहीच म्हणणार, हे मला कळतं. तरी मागते. पुढच्या रविवारी आम्हाला येऊ दे.