पेराचा पेला

सातपूरच्या बाजारात भागीबाई चाळीस वर्षं झाडपाल्याचं पोतं पसरून बसते. तिच्याकडे वजनकाटा आहे, पण ज्येष्ठमध ती त्यात घालत नाही. गिऱ्हाइकाचं बोट धरायचं, त्याच्या एका पेराएवढे तीन तुकडे मोडायचे. रोज एक पेर चघळ, चौथ्या दिवशी बंद. पण देण्याआधी उलटतपासणी ठरलेली: खाणार कोण, बीपीची गोळी चालू आहे का, किडनीचं काही, दिवस गेलेत का? एकाला जरी हो आलं की तुकडे परत पोत्यात, आणि गिऱ्हाईक डॉक्टरकडे. पेराचं माप तिला आईनं शिकवलं, गोळ्यांचं विचारायला एका नर्सबाईनं.

अशा बाईसमोर भर बाजारात महेश नावाचा माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या बायकोला तुम्ही विष दिलं. बायको सुवर्णा, राहायला इंदिरानगरला. तिचे पाय सुजले, हातातून भांडी गळायला लागली, छातीत धडधड. दवाखान्यात चार दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, ज्येष्ठमधानं बीपी चढलं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरलं.

भागीबाईनं त्या सुवर्णाला कधी बघितलंसुद्धा नव्हतं. पण भाजीवाल्यांनी ऐकलं, गिऱ्हाइकांनी ऐकलं, आणि त्या दिवशी तिच्या पोत्याकडे कुणी वाकेना. चाळीस वर्षांचं नाव असं तासाभरात मातीत जातं होय? तिनं पोतं गुंडाळलं. "चल, घर दाखव तुझं."

सुवर्णा पलंगावर पडून होती. उपाय कुणी सांगितला म्हटल्यावर तिनं शेजारच्या सायलीला बोलावलं. सायलीला भागीबाईनं ओळखलं. थंडीत खोकल्यासाठी तीन पेरं नेली होती. गुण आला म्हणून तिनं बिल्डिंगमधल्या बायकांना मेसेज पाठवला होता. भागीबाईला अक्षर येत नाही. तिनं तो वाचायला लावला.

"भागीबाईंचा खास उपाय. ज्येष्ठमध, रोज एक पेला."

"पेला?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, मावशी."

भागीबाईनं तिचं बोट पकडलं. "याला पेर म्हणतात, पोरी. पाणी पितात तो पेला. तुझंच बोट धरून तुकडे मोडले होते ना मी?"

सुवर्णानं मोबाइलवरून पूड मागवून महिनाभर रोज पेलाभर काढा घेतला होता, वर बीपीची गोळी. आणि तीन दिवसांचं, गोळ्यांचं विचारलेलं कुठं गेलं? सायली खाली बघत म्हणाली, मेसेज लांब होत होता, म्हणून तेवढं गाळलं.

"माझं नाव तेवढं मावलं होय त्यात?"

भागीबाईनं सायलीला समोर बसवून सगळं नव्यानं लिहायला लावलं, प्रत्येक प्रश्नासकट, आणि तीनदा वाचून घेतलं. खाली 'भागीबाई' हे नाव टाकायला तिनंच सांगितलं. निघताना सुवर्णाला बजावलं, गोड लागलं तरी ते औषधच हाय, डॉक्टरला सांगितल्याबिगर तोंडात घालायचं नाय.

दुसऱ्या दिवशी महेश बाजारात आला आणि हळूच म्हणाला, चुकलं. भागीबाई म्हणाली, काल बोललास तेवढ्या मोठ्यानं बोल, भाजीवाल्यांना ऐकू आलं पाहिजे. तो बोलला. पोत्याकडे माणसं पुन्हा वाकायला लागली.

तिचा राग मात्र गेलेला नाही. नवा मेसेज लांब, तो पुढं कोण पाठवणार? जुना मालेगावपर्यंत पोचलाय. परवा तिकडची एक बाई आली, म्हणाली, तो पेल्याचा ज्येष्ठमध द्या.

भागीबाईनं पोत्याला हातही लावला नाही. "आधी बोट दाव," ती म्हणाली.