आपलं डायलिसिस सेंटर

सबनीसकाका रस्त्याने चालता चालता मधेच थांबायचे आणि फुटपाथचा उखडलेला पेव्हर ब्लॉक पायाने ढकलत पुन्हा जागेवर बसवायचे. बागेतला गळका नळ पिळून बंद करायचे. भर दुपारी रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला की खांबावरचा नंबर वाचून फोन लावायचे. बरोबर कोणी असलं तर एवढंच म्हणायचे, "आपला आहे रे." दिवा आपला, बाक आपला, कचऱ्याची गाडीसुद्धा आपली. बसथांब्यावर किल्लीने नाव कोरणाऱ्या एका कॉलेजच्या पोराला त्यांनी विचारलं होतं, की घरच्या कपाटावरही असंच कोरतोस का. पोरगा हसला. काका हसले नाहीत. बिल्डिंगमधल्या मुलांनी त्यांना 'आपलेकाका' म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून, आणि हळूहळू आम्ही मोठी माणसंही तेच म्हणायला लागलो.

घाटकोपर सोडल्यावर आणि मुलुंड यायच्या आधी जी स्टेशनं लागतात, त्यांतल्या एका ठिकाणी आमची जुनी, लिफ्ट नसलेली बिल्डिंग आहे. काका-काकू दुसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या समोरच्या दारात. मूलबाळ नव्हतं. काका एका विमा कंपनीत अकाउंट्सला होते, तिथून निवृत्त झाले आणि लगेच सोसायटीचे खजिनदार झाले. ती जागा कोणालाच नको होती.

टॅक्सविषयी त्यांचं मत ठाम होतं. ऑफिसातले बाकीचे लोक मार्च जवळ आला की भाड्याच्या खोट्या पावत्या गोळा करायचे. काका त्यात कधी पडले नाहीत. "घरात किराणा भरतो ना, तसा हा शहराचा किराणा," असं ते म्हणायचे. सोसायटीच्या मालमत्ता कराचं बिल आलं की त्यांना चैन पडायची नाही. मेंटेनन्स थकवलेल्या लोकांच्या दारात ते संध्याकाळी जाऊन उभे राहायचे. भांडायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. लोक कंटाळून चेक द्यायचे.

मी त्यांना पुष्कळ छेडायचो. आमचा रस्ता एकदा गटारासाठी खणला, मग केबलसाठी, मग काँक्रीटसाठी, आणि काँक्रीट वाळल्यावर पुन्हा पाण्याच्या पाइपसाठी. नाक्यावरच्या झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या, त्यातल्या अर्ध्या पुढच्या पावसात विझल्या. मी म्हणायचो, काका, बघा तुमचा किराणा कुठे जातोय. ते मान्य करायचे. झाडांवरच्या दिव्यांचा तर त्यांना खरंच राग होता, रात्री झाडाला झोप नको का, म्हणायचे. पण बोलणं संपवताना त्यांचं ठरलेलं असायचं, "पोळी करपली म्हणून पीठ आणायचं थांबवतो का आपण?"

मग त्यांच्या किडन्या गेल्या. डायबेटिस जुनाच होता. आधी पाय सुजले, मग जेवण जाईना, आणि डॉक्टरांनी सांगितलं की डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल आणि ते जन्मभर चालेल. दिवसाआड मशीनवर चार तास. खाजगी हॉस्पिटलचा खर्च पेन्शनीला झेपणारा नव्हता. खटपट करून कुर्ल्याला एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये नंबर लागला. सकाळी लवकरची वेळ मिळाली. ओळखीच्या रिक्षावाल्याला मी सांगून ठेवायचो. काकू एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात काकांचा दंड धरून जिना उतरायच्या. जाताना फारसं काही वाटायचं नाही. येताना मात्र काकांच्या अंगात त्राण नसायचं, आणि मेन रोड मेट्रोच्या कामाने अर्धा बंद. उन्हात, धुळीत, रिक्षा एकेका खड्ड्यातून जायची तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे आणि हातातली सुई काढलेली जागा दुसऱ्या हाताने दाबून धरायचे.

त्याच सुमाराला आमच्या गल्लीच्या टोकाला, जुना दवाखाना होता त्या जागेवर, नवी दुमजली इमारत उभी राहायला लागली. काकांनी चौकशी केली आणि संध्याकाळी माझ्या दारात आले. ते डायलिसिस सेंटर होतं, महापालिकेचं, अगदी कमी पैशात. घरापासून चालत पाच मिनिटं. त्यांना धड उभं राहवत नव्हतं, तरी बसायला तयार नव्हते. "मिलिंद, आपलं सेंटर होतंय रे," म्हणाले. काकूंनी त्या दिवशी शिरा केला, आणि काकांनी तो पथ्यामुळे एकच चमचा खाल्ला.

ज्या दिवशी कुर्ल्याला जायचं नसायचं, त्या दिवशी संध्याकाळी ते काठी घेऊन बांधकाम बघायला जायचे. फरशी बसली. रंग लागला. काचेचा दरवाजा आला. एक दिवस टेम्पोतून मशीनं आली आणि काका काचेला नाक लावून बघून आले. सगळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीशी ओळीने ठेवली होती. बाहेर मोठा बॅनर लागला, 'लवकरच आपल्या सेवेत', आणि खाली हात जोडलेले नेत्यांचे फोटो.

मग दाराला कुलूप लागलं, ते निघेचना.

सुरुवातीला काकांना त्याचं काही वाटलं नाही. उद्घाटन व्हायचं असेल, म्हणाले. गणपती झाले, दिवाळी झाली. बॅनर उन्हाने विटला की नवा लागायचा. प्रत्येक सणाला शुभेच्छांचा वेगळा बॅनर. काका वॉर्ड ऑफिसला जायला लागले. तिथे त्यांच्याशी कोणी वाईट वागलं नाही, हे सांगायला हवं. खुर्ची द्यायचे. एका टेबलावर कळलं की इमारतीचं काम त्यांच्याकडून पूर्ण आहे, दुसऱ्या टेबलावर कळलं की मशीन चालवणाऱ्या एजन्सीचा करार मुख्य ऑफिसात अडकलाय, आणि साहेबांनी सांगितलं की करारही झालाय, फक्त उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचेत आणि त्यांची तारीख मिळत नाही. नगरसेवकाकडे जावं तर नगरसेवकच नव्हता. मुदत संपून गेलेली, निवडणूक काही होत नव्हती. जुन्या नगरसेवकाने काकांना चहा विचारला आणि म्हणाला, काका, मी आता तुमच्यासारखाच साधा नागरिक.

घरी येऊन काका हे सगळं मला क्रमाने सांगायचे. आवाज चढवायचे नाहीत. पण त्यांचं 'आपलं' म्हणणं त्या काळात कमी झालं. कुर्ल्याला त्यांच्या शेजारच्या पलंगावर आमच्याच भागातली एक बाई असायची, पोळ्या लाटून घर चालवणारी. रिक्षाचे पैसे नसले की तिची फेरी चुकायची. एका आठवड्यात ती दोनदा आली नाही आणि त्यानंतर आलीच नाही. ती गेल्याचं कळलं त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूंनी मला बोलावलं. ते खिडकीशी बसले होते. "ती चालत आली असती रे इथे," एवढंच बोलले.

त्यानंतर चार दिवसांनी असेल, सकाळी कुर्ल्याला निघायच्या वेळेला काका घरात नव्हते. रिक्षा खाली उभी होती. काकू घाबरून माझ्याकडे आल्या. आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो, तर काका सेंटरच्या पायरीवर उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ. वॉचमन त्यांना हात जोडून सांगत होता, आजोबा, माझी नोकरी जाईल. काकांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि पायरीच्या कडेवर नारळ आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. हातात जोरच नव्हता. मग फुटला. पाणी पायरीवरून रस्त्यावर आलं. जमलेल्या लोकांकडे वळून ते म्हणाले, "झालं उद्घाटन. आता कुलूप काढा."

कोणी काढणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. दार उघडलं असतं तरी मशीन चालवायला आत कोण होतं? पण ते तिथून हलायला तयार नव्हते. मी दंड धरला तर झटकला. लोक मोबाइलवर शूटिंग करायला लागले, वॉचमनने घाबरून वर फोन केला, आणि थोड्या वेळात पोलिसांची गाडी आली. ज्या माणसाने रिकाम्या रस्त्यावरही कधी सिग्नल तोडला नाही, तो गाडीत बसून चौकीत गेला.

तिथेही कोणी दरडावलं नाही. साहेब येतील, जबाब लिहून घेतील, मग जा, म्हणाले. साहेब बंदोबस्तावर होते. मी डायलिसिसचं सांगितलं, काकूंनी काकांची बाही वर करून सुयांच्या खुणा दाखवल्या, हवालदार कळवळला, पण सोडायचा अधिकार त्याला नव्हता. त्याने चहा मागवला. काकांना पाणीसुद्धा मोजून प्यावं लागायचं. तरी त्या माणसाने प्रेमाने दिला म्हणून त्यांनी सगळा कप प्यायला. साहेब दुपारी उशिरा आले आणि समज देऊन सोडून दिलं. तोपर्यंत कुर्ल्याची वेळ टळून गेली होती. दुसऱ्या दिवशीचा नंबर मिळाला नाही. त्याच्या पुढच्या पहाटे काकांना श्वास लागला, फुप्फुसात पाणी झालं, आणि जे खाजगी हॉस्पिटल टाळायला सगळी धडपड केली होती, तिथेच न्यावं लागलं. काकूंच्या पाटल्या तेव्हा मोडल्या.

वाचले, पण घरी आले ते अर्धे होऊन. आता जिना उतरवायला दोन माणसं लागायची. मी ऑफिसला सांगून सकाळी उशिरा जायला लागलो. तरी कधी जमायचं नाही. अशाच एका दिवशी परत येताना, बिल्डिंगच्या दारात पाइपसाठी खणलेल्या चरावर टाकलेली फळी सरकली. काका रिक्षात होते. काकू त्यांना घ्यायला वळल्या आणि फळीसकट खाली गेल्या. मनगट मोडलं. काकांना रिक्षातून उतरताही येत नव्हतं. बायको समोर चिखलात पडलेली, आणि ते आत बसून हाका मारत होते. बिल्डिंगचा वॉचमन धावत येईपर्यंत तेवढंच करू शकले.

दोन दिवसांनी दुपारी त्यांनी मला बोलावलं. काकू आत झोपल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. काका हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून रिक्षा सांगू नकोस."

मला कळलं, तरी मी विचारलं, म्हणजे काय.

"म्हणजे नको. डॉक्टरांशी बोललोय फोनवर. आठ-पंधरा दिवस म्हणतात. त्रास फार होऊ नये म्हणून गोळ्या देतील."

मी पुष्कळ बोललो. गाडी करू, माणूस ठेवू, खाजगीत जाऊ, बिल्डिंगमधून वर्गणी काढू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर्गणी किती महिने देशील? आणि हिला काय ठेवू? घर विकून मशीनवर पडू?" इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी कधी कडवट शब्द ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "आयुष्यभर सगळ्याला आपलं आपलं म्हणत आलो रे. कोणी एकदा तरी म्हणायला हवं होतं की नाही, की हा माणूस आपला आहे?"

संध्याकाळी मी रिक्षावाल्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं.

काकूंनी एक पूर्ण दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी एका हाताने कणीक भिजवत बसल्या आणि म्हणाल्या, पाणी हवं तेवढं प्या आता. काकांनी माठातलं गार पाणी तांब्याभर प्यायलं. पुढचे दिवस काका बहुतेक झोपूनच असायचे. जागे असले की काकूंचा चांगला हात धरून ठेवायचे. गेले तेव्हा सकाळ होती, काकू त्यांचं तोंड पुसत होत्या. मी दारातून आत येत होतो. काकूंनी मला हाताने थांब म्हणून खूण केली.

सेंटरचं उद्घाटन त्यानंतर झालं, पावसाळा संपता संपता. रस्ता धुतला, दोन्ही बाजूंना कुंड्या आणून ठेवल्या, मंडप पडला. मला वाटलं होतं काकूंना निदान त्या दिवशी कुठेतरी घेऊन जावं, पार्ल्याला त्यांची बहीण असते तिच्याकडे. त्या नाही म्हणाल्या. मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. लाउडस्पीकरवरचं एक एक भाषण घरात ऐकू येत होतं. पाहुण्यांनी करदात्यांच्या पैशाचं सोनं झाल्याचं सांगितलं. टाळ्या वाजल्या. काकू जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. मनगट नीट जुळलेलं नव्हतं, काड्या मोडायला वेळ लागत होता.

भाषणं संपली, बँड सुरू झाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती जणांची सोय होईल रे तिथे?"

मी सांगितलं, मशीनं बरीच आहेत काकू, दिवसभर चाललं तर पुष्कळ लोकांची होईल.

त्यांनी हातातली जुडी पुरी केली. "म्हणजे ह्यांची झाली असती," म्हणाल्या, आणि दुसरी जुडी सोडायला घेतली.