लसीसाठी लावलेला कौल

त्या मेल्या मोबाइलवर बाबांनी बातमी पाहिली. परदेशात म्हणे कुत्र्यांना कॅन्सर होऊ नये म्हणून लस तयार करतायत. एवढासा तो व्हिडिओ, आणि त्यावर आमचं घर अख्खा पावसाळा आस लावून बसलं.

आमच्या कुत्रीला आचळाजवळ गाठ आली होती, काजूच्या बीएवढी. मालवणच्या डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, "कॅन्सरची वाटते. लहान आहे तोवर काढून टाकू." बाबांनी तिला टेबलावरून उचललंच. "कापूक मी दिवचंय नाय!" याच दुखण्यात आईचं गोव्याला नेऊन ऑपरेशन केलं होतं, आणि तिथून ती झाकलेलीच घरी आली. आता त्यांच्यापुढे मी काय बोलणार, कप्पाळ?

आमच्या गावात लग्नापासून बोअरवेलपर्यंत सगळं देवाला विचारून होतं. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली की होकार. बाबांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, कुत्र्यांच्या कॅन्सरची लस येतली म्हणतत. ती येयपर्यंत थांबू काय?" गुरवालाही हसू आवरेना. पण पाकळी पडली ती उजवीच.

झालं. थांबलो. गाठ लिंबाएवढी झाली, मग फुटली. पडवीत वास मारायला लागला. मी भांडले, रडले, अबोला धरला, काही म्हणून उपयोग नाही. बाबा रोज मिठाच्या कोमट पाण्याने तिची जखम धुवायचे आणि तिला समजवायचे, "जरा कळ काढ गो बाय, लस येतली." ते ऐकून माझा जीव नुसता जळायचा.

तिने पेजसुद्धा तोंडाला लावेनाशी केली तेव्हा बाबाच म्हणाले, चल डॉक्टरकडे. तिथे गेल्या गेल्या त्यांनी लसीचंच विचारलं. डॉक्टर तिची जखम तपासत म्हणाले,

"काका, ती लस धडधाकट कुत्र्यांसाठी. हा रोग होऊच नये म्हणून. तीसुद्धा अजून चाचणीतच आहे. आज इथे असती तरी हिला उपयोग नव्हता." मग एक्स-रे काढून म्हणाले, छातीत पसरलंय, आता कापून काही होणार नाही.

परतताना रिक्षात माझा तोल गेला. "कसलो तुमचो देव! थांब म्हणान सांगता?"

कुत्री बाबांच्या मांडीवर होती. तिच्या कानामागे खाजवत ते म्हणाले, "देवाक कित्याक गाळी घालतंस? देव कसो चुकतलो? सवाल माजोच चुकलो."

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. देवळापाशी मी रिक्षा थांबवायला लावली. "मग जावा. आता बरो सवाल इचारून येवा."

बाबा जागचे हलले नाहीत.

"आता इचारूक काय उरला गो?"