मांडवाच्या दारातला वरचा सूर

शाळा माझी तिसरीतच सुटली, पण ट्रंपेट सुटलं नाही. शिरूरच्या बँडात मी वरचा सूर लावला की नदीच्या पलीकडं ऐकू जायचा. हे मी म्हणत नाही, पलीकडची माणसं म्हणायची. लोकांना वाटतं त्याला छातीचा जोर लागतो. जोर लावला की सूर फुटतो. ओठ आवळायचा, वारा बारीक सोडायचा, बाकी सगळा हट्ट.

डीजे अजून आमच्याकडं पोचला नव्हता, तेव्हा थोरल्या लेकीचं लग्न आमच्या दारात झालं. नवरदेव दौंडचा, रेल्वेत कामाला. बँडही त्यांनी दौंडचाच आणला. मुलीच्या बापानं वाजवायचं नसतं, म्हणून मी फेटा बांधून आत उभा.

बँडवाल्यांची रीत अशी, की नवरदेव मांडवाच्या दारात आला की ट्रंपेटवाल्यानं वरचा सूर धरायचा आणि नवरीची आई ओवाळायला बाहेर येईपर्यंत खाली उतरायचं नाही. सूर धरला तशी बायको ताट घेऊन निघाली. मी तिचा हात धरला.

"थांब जरा. बघू तरी, किती टिकतोय."

"अहो, लग्न लेकीचं हाय का टरंपेटचं?"

"थांब म्हणलं ना."

ती थांबली. मागं तिच्या बहिणी खुदुखुदू हसायला लागल्या.

दौंडचा ट्रंपेटवाला माझ्याच वयाचा. सूर चांगला होता, खोटं कशाला बोलू. माझ्याएवढा वर नव्हता, पण तारेसारखा सरळ. मधेच श्वास चोरून परत तिथंच यायचा. मग त्याचे गाल फुगले. मला कळलं, ओठ दमला, आता हा जोर लावणार. सूर फुटला असता तर अख्खा मांडव दौंडकरांना हसला असता, आन् त्याच घरात माझी लेक नांदायला जाणार होती.

"जा आता," मी बायकोला म्हणालो.

"का? थांब म्हणलात, थांबले."

हट्टाला ती माझ्या वरताण. बहिणींनी तर दारच अडवलं. बाहेर सूर थरथरायला लागला.

मी तिच्या हातातलं ताट ओढलं, मेव्हण्यांना बाजूला सारलं आणि बाहेर जाऊन जावयाला स्वतःच ओवाळायला लागलो. तेही उलट्या बाजूनं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. मांडवात हशा उसळला. त्या गलक्यात सूर हळूहळू, नीट खाली उतरला. कुणाचं तिकडं लक्षच नव्हतं. जावई बिचारा गोंधळून माझ्या पाया पडला.

ट्रंपेटवाला ओठ पुसत जवळ आला.

"मामा, लई ताणलंत."

"तुमचा ओठ दमला होता."

"व्हय. पर तुमाला कसं कळलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "त्यांना काय इचारू नका पाव्हणं, जेवायचं राहून जाईल."

दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझ्या लेकीला पुढं कितीतरी वर्षं 'ओवाळणाऱ्या बापाची पोरगी' म्हणायचे. म्हणू देत.