आईचा अष्टा

आमच्या घरात फळांचा रस काढायचं मशीन आहे. चांगलं स्टीलच्या भांड्याचं, गॅरंटी कार्डासकट. ते माळ्यावर जुन्या सतरंजीत गुंडाळून ठेवलंय आणि ते खाली उतरवायची या घरात कोणाच्या बापाची हिंमत नाही. कारण सासूबाईंनी ते अष्टाचंगच्या डावात वर पाठवलंय.

हे असं एकदम सांगितलं की लोक मलाच खुळ्यात काढतात, म्हणून पहिल्यापासून सांगते. आम्ही ब्रह्मपुरीला राहतो. घरात सासूबाई, त्यांना मी आई म्हणते. आमचे हे शाळेत मास्तर आहेत आणि घरातही मास्तरच आहेत. एक लेक आहे, कॉलेजात जाते. आणि मी. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. माणसं दिवसभर कूलरसमोर पडून असतात आणि ऊन उतरलं की उठून बसतात. मग अंगणात पाणी शिंपडायचं, घरापुढच्या छपरीतल्या फरशीवर खडूनं पट आखायचा आणि जेवणाआधी एक डाव खेळायचा. चार कवड्या टाकायच्या, जितक्यांची तोंडं वर, तितकी घरं चालायची. चारही पालथ्या पडल्या की अष्टा, म्हणजे एकदम आठ. सगळ्या सोंगट्या ज्याच्या आधी मधल्या घरात पोचल्या तो जिंकला.

आणि जिंकला त्यानं हरलेल्याला एक काम सांगायचं. काम सांगितलं की हूं का चूं करायचं नाही. हा कायदा आईंचा. सासरे होते तेव्हा याच कायद्यानं त्यांची विडी सुटली म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हौसेचं घर दिसतं, संध्याकाळी सगळे मिळून खेळतात. पहिल्याच आठवड्यात मी हरले आणि आईंनी मला टोपलंभर आंबे पिळायला बसवलं. तेव्हापासून जी पिळते आहे ती पिळतेच आहे.

आमच्याकडचा गावरानी आंबा म्हणजे नुसते धागे. हातानं माचवायचा, म्हणजे दाबून दाबून मऊ करायचा, मग पिळायचा, मग कोय पुन्हा पिळायची, कारण आई ती हातात घेऊन बघणार. सोबत सरगुंडे असले तर विचारूच नका. कणीक काडीवर गुंडाळून गुंडाळून ते करायचे, उकडायचे आणि रसात बुडवून खायचे. खायला तोंडं चार, करायला हात दोन, तेही माझे. एका वर्षी मी मास्तरांना स्वच्छ सांगितलं, मशीन येईल तेव्हाच या घरात रस होईल. मास्तर घाबरले आणि नागपूरहून घेऊन आले.

पहिल्याच दिवशी छपरीत मशीन मांडलं आणि त्यात आंब्याचे धागे अडकले. मास्तर पुस्तिका उघडून "आता झाकण सैल करा" असं वाचत होते आणि मी केलं. रस छताला लागला, भिंतीला लागला, मास्तरांच्या चष्म्याला लागला. आई दारात उभ्या राहून शांतपणे बघत होत्या. म्हणाल्या, "काऊन वं, हे रस काढून राह्यलं का घर सारवून राह्यलं?" त्याच संध्याकाळी आई जिंकल्या आणि मशीन वर गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कायदा म्हणजे कायदा.

तर आई अशा. खेळायला बसल्या की त्यांना ना मुलगा ओळखू येई, ना नात. कवड्या टाकल्या की उचलायच्या आधी त्यांच्यावरून तळवा फिरवायची त्यांची सवय होती, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि मला मारायची संधी तर त्यांनी कधी सोडली नाही. चार सोंगट्या समोर असल्या तरी मारायची ती सुनेची. त्यांच्या सोंगट्या सीताफळाच्या बियांच्या, माझ्या चिंचोक्यांच्या.

म्हणूनच गेल्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ माझ्या लक्षात राहिली. आईंना तीन पडले. त्यांनी हात पुढे केला आणि माझा चिंचोका उचलून तीन घरं पुढे नेला. पार मधल्या घरात नेऊन बसवला आणि वर म्हणाल्या, "घ्या, माह्यी एक पोचली."

लेक माझ्याकडे बघायला लागली, मी मास्तरांकडे. ही बाई मला हातानं पाणी देईल, ताप आला तर रात्रभर उशाशी बसेल, पण माझी सोंगटी घरात नेणार नाही. जीव गेला तरी नाही. मी हळूच विचारलं, "आई, तुमाले दिसून राह्यलं ना?"

"नाई दिसाले काय झालं? तुह्यं तोंड दिसते ना वाकडं."

मी तेव्हा हसत होते.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्यांना पाय दाखवायचा आहे असं सांगून दवाखान्यात घेऊन गेले आणि डोळे दाखवून आणले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा इतका पिकला होता की आता थांबलात तर पुढे ऑपरेशन करूनही उपयोग व्हायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन जाहीर केलं की त्या डोळ्याला सुई लावू देणार नाहीत. त्यांच्या लहानपणी गावात कोण्या म्हातारीचा डोळा ऑपरेशनानंतर वाहून गेला होता म्हणे. मास्तरांनी तासभर समजावलं. तेव्हाची ऑपरेशनं वेगळी, आता दुपारी करतात आणि संध्याकाळी घरी पाठवतात. पालथ्या घड्यावर पाणी. मी जरा आवाज चढवला, तर त्या माझ्या दुप्पट चढल्या. मग दोघींनी दोन दिवस एकमेकींशी मास्तरांमार्फत बोलणं केलं. चहात साखर कमी आहे हे मला मास्तरांकडून कळायचं.

पण राग गेला की मी मोरीत जाऊन रडायचे. खोटं काऊन सांगू? आई भिंत धरून चालायच्या आणि आपण भिंत धरलीच नाही असा चेहरा करायच्या. अंगणातल्या तारेवरचे कपडे हातानं चाचपून ओळखायच्या. शेजारीण गेटातून "जयभीम आई" म्हणाली की आवाजावरून नाव घ्यायच्या आणि वर तिला म्हणायच्या, लुगडं चांगलं आहे वं. तिनं ड्रेस घातलेला असायचा.

तोड लेकीनं काढली. संध्याकाळी ती आईंच्या पुढ्यात पट आखून बसली आणि म्हणाली, "आजी, एक डाव. तू जिंकली तं डोळ्याचं नाव कोणी घेणार नाई. मम्मी जिंकली तं ऑपरेशन."

आईंनी क्षणभर विचार केला. मग पाय दुमडून बसल्या. "तुह्या मम्मीले जिंकता येते का? मांड."

कवड्या लेक वाचणार असं ठरलं, आणि आईंना ते मान्य करावंच लागलं. मास्तर पंच. मी मास्तरांना आत बोलावून म्हटलं, जरा इकडंतिकडं झालं तर तुम्ही गप्प बसा. मास्तर म्हणाले, "आईशी बेइमानी करायची नाही." असला माणूस माझ्या नशिबी. दुसऱ्याचा नवरा बायकोसाठी खोटं बोलतो, माझा शाळेच्या घंटेसारखा खरं बोलतो.

तो डाव मी जन्मात विसरणार नाही. माझ्या कवड्या फरशीवरून घरंगळून पायरीवर जात होत्या. आई मात्र निवांत. दिसत नसताना त्यांनी माझ्या दोन सोंगट्या मारल्या. कुठल्या घरात कोण आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. आदल्या वेळी चूक झाली म्हणून आता प्रत्येक सोंगटी बोटांनी चाचपून, सीताफळाची बी आहे याची खात्री करून मगच हलवत होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, एकदा तरी हर. आयुष्यभर मला पिळायला लावलंस, एकदा हर.

शेवटी दोघींची एकेक सोंगटी राहिली. मला हवे होते तीन. आईंना हवा होता अष्टा, आणि पाळी त्यांची होती.

त्यांनी कवड्या ओंजळीत खुळखुळवल्या आणि टाकल्या. पडल्या चारही पालथ्या. स्वच्छ, आंधळ्यालाही दिसावा असा अष्टा, असं म्हणणार होते, पण आंधळ्याला तेच दिसत नव्हतं. लेकीनं कवड्यांकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन."

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे पाहत होते. तिथं अजून आंब्याच्या रसाचा डाग होता, तो ते अगदी पहिल्यांदाच दिसल्यासारखे निरखत होते. आईंनी नेहमीसारखा कवड्यांवरून तळवा फिरवला. जरा थांबल्या. "दोन?" त्यांनी विचारलं.

"दोन, आजी."

"दोन तं दोन," आई म्हणाल्या आणि कवड्या माझ्याकडे सरकवल्या. मला तीन पडले. अगदी खरेखुरे, तोंड वर करून पडलेले तीन. मी जिंकले आणि मला इतकं वाईट वाटलं की जेवणच गेलं नाही. आई मात्र दोन भाकरी जेवल्या आणि म्हणाल्या, "कवा जाचं, सांगजा."

ऑपरेशनच्या दिवशी त्या माझा हात धरून आत गेल्या. दारात त्यांना तो सोडवेना. नर्सबाईंनी हळूच बोटं सोडवून घेतली. मी बाहेर बाकावर बसले आणि मास्तरांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीवर खेकसले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आईंनी डोळा मिचकावला, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील.

"कावं," त्या म्हणाल्या, "तू कवा एवढी बुढी झाली?"

मी हसू की रडू, मला कळेना. तीन वर्षं तरी त्यांनी मला धड पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत मी अजून काळ्या केसांचीच होते. त्यांनी हात वर केला, माझ्या कानामागची पांढरी बट बोटात धरली आणि म्हणाल्या, "घरी चाल. तुले मेहंदी लावून देतो."

घरी आल्यावर माझे खरे हाल सुरू झाले. त्यांना पंख्यावरची धूळ दिसायला लागली. फोडणीच्या डब्याच्या झाकणावरचा हळदीचा थर दिसायला लागला. छताला रसाचा डाग अजून तसाच आहे हे दिसल्यावर तर त्यांनी कपाळालाच हात लावला. मास्तर बिचारे रविवारी शिडीवर चढून तो पुसत बसले. दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीनंतर झालं, आणि त्या वेळी डाव मांडावा लागला नाही.

डाव थेट या उन्हाळ्यात मांडला. चष्मा लावून आई बसल्या, पट नीट आखला नाही म्हणून नातीला बोलल्या, आणि खेळ सुरू झाला. मी त्या दिवशी जोरात होते. तीन सोंगट्या घरात, चौथी मधल्या घराच्या अगदी दाराशी. आईंची एक सोंगटी बरीच मागे होती. त्यांची पाळी आली. कवड्या त्यांच्या हातात होत्या, पण त्यांनी टाकल्याच नाहीत. त्या बाजूला ठेवल्या, आपली सीताफळाची बी उचलली, सावकाश आठ घरं मोजली आणि माझा चिंचोका मारला.

"आई, कवड्या तं टाका," मी म्हटलं.

"टाकल्या होत्या. मागच्या सालचा माह्या एक अष्टा बाकी हाये तुमच्याकडं."

लेकीचं तोंड उतरलं. मास्तर परत छताकडे पाहायला लागले, पण आता तिथं काही नव्हतं. मी म्हटलं, "तुमाले कसं समजलं? तवा तं दिसत नव्हतं."

आईंनी कवड्यांवरून तळवा फिरवला. "पालथी कवडी गुळगुळीत लागते, उताणीले दात असते. साऱ्या जन्माच्या कवड्या खेळली मी, बोटाले समजत नाई का?"

"मंग तवाच काऊन नाई बोलल्या? जिंकल्या असत्या ना."

आई चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. पुसून झाला तरी पुसतच होत्या.

"जिंकली असती," त्या म्हणाल्या, "तं मले दवाखान्यात कोण नेलं असतं?"

मग आईंनी चष्मा चढवला, कवड्या उचलल्या आणि मारल्याची एक पाळी जास्त मिळते म्हणून पुन्हा खेळल्या. तो डाव मी हरले. आंब्याचं टोपलं समोर आलं, मी पिळायला बसले, आणि आई शेजारी बसून एकेक कोय उजेडाकडे धरून बघत होत्या.