बेस हाय

आमच्या गायन पार्टीत माझी मोठी बहीण गाते, दाजी कीबोर्ड वाजवतात आणि मी बेस गिटार. ढोलकीवाला आणि कोरसची माणसं बदलत राहतात. आम्ही तिघं घरचेच, त्यामुळे भांडून निघून जायची सोय नाही. भीमजयंती कॅलेंडरात एप्रिलमध्ये असते, पण आमच्या जामखेडच्या बाजूला ती जूनपर्यंत चालते, कारण प्रत्येक गावाला आपला कार्यक्रम वेगळ्या दिवशी आणि शेजारच्या गावापेक्षा मोठा हवा असतो. त्यावर आमचा सीझन होतो. बाकीचं वर्षभर मी शर्ट-पँट शिवतो.

गिटारचा आवाज मोठा करणारा माझा अँप होता कपाटाएवढा. तो टेम्पोत चढवताना ढोलकीवाल्याला हमखास फोन यायचा. प्रवासात दाजी त्याच्यावर ऐसपैस बसायचे. एकदा टेम्पो खड्ड्यात आदळला आणि अँपचा स्पीकर फाटला. आदळला तेव्हा वर कोण बसलं होतं हा विषय मी काढला नाही. बहिणीच्या नवऱ्याच्या वजनावर बोलू नये एवढी अक्कल मला आहे.

पण ताईनंच दुसरा विषय काढला. बेसचे खालचे सूर कीबोर्डवरही डाव्या हातानं वाजतात म्हणे, मग हे कपाट वागवायचं कशाला? दाजींनी लगेच मान डोलावली. "पाव्हणं, माझ्या डाव्या हाताला तसंबी काम न्हाई," ते म्हणाले. मला त्यांनी खंजिरी देऊ केली. खंजिरीशी माझं वैर नाही, पण मला ते फार लागलं. बेस म्हणजे कोटाचं अस्तर. अस्तराचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून काय ते उसवून टाकायचं? ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "खर्ड्याच्या कार्यक्रमाला बगू. कपाट आनायचं न्हाई. त्याच्याबिगर जमलं तर जमलं, न्हाईतर खंजिरी घे."

आता कपाटाशिवाय कपाटाचा आवाज आणायचा तर एकच उपाय होता: पेडल. हा पायापाशी ठेवायचा लहानसा डबा असतो. त्याच्या पोटात मोठमोठ्या अँपचे आवाज हुबेहूब भरलेले असतात. गिटारची वायर त्यात घालायची आणि त्यातून निघालेली सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायची. मी मोबाईलवर इतके व्हिडिओ पाहिले की गिऱ्हाइकाची कंबर मोजतानाही माझ्या कानात परदेशी माणसं गुणगुणत होती. शेवटी बायकोला घेऊन नगर गाठलं. तिला का नेलं, तर माझा माझ्या कानांवरचा विश्वास उडाला होता आणि तिला भिंगारच्या मावशीकडे जायचं होतं.

दुकानदारानं तीन डबे मांडले. पहिल्यात एकच अँप, पण जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखा गरम, भरदार. दुसऱ्यात तीन: तो गरम आवाज पाळण्याच्या गाण्याला, एक कडक आवाज कव्वालीला आणि एक स्वच्छ, धुतलेला. तिसऱ्याला छोटा पडदा होता आणि आत अँपच अँप, लग्नातल्या बुफेसारखे. त्यातला एक निवडेपर्यंत ताईचं कडवं संपलं असतं.

मी पहिला वाजवला आणि बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बेस हाय." दुसरा वाजवला. "बेस हाय." तिसऱ्यालाही तेच. मला वाटलं, हिला बेस फार ऐकू येतोय, म्हणजे जास्त झालाय. मी बटण फिरवून थोडा कमी केला. तरी बेस हाय. आणखी कमी केला. तरी हाय. शेवटी बेसचं बटण पार शून्यावर आणलं, डब्यातून डास गुणगुणल्यासारखा आवाज यायला लागला, तर ती म्हणाली, "आता तर लईच बेस हाय." दुकानदार तोंड वळवून हसायला लागला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बायको बिचारी आपल्या भाषेत 'छान आहे' म्हणत होती. लवकर छान झालं तर लवकर भिंगार, एवढाच तिचा हिशोब.

मी चिडलो. नीट ऐकून सांग म्हणालो. तिनं शांतपणे सांगितलं की तिला तिन्ही सारखेच घुमतात, पण दुसऱ्या डब्याला मी येड्यासारखा हसत होतो. मी दुसरा घेतला.

खर्ड्याला उन्हं कलता कलता कार्यक्रम होता. स्टेज भरपूर मोठं, साउंडवाला लांब, मांडवाच्या पार टोकाला. मी खाली वाकून पेडलचा अडॅप्टर जोडत होतो, तेवढ्यात त्यानं तिकडून ताईला विचारलं, "बेस हाय का?" ताई साडीचा पदर खोचत म्हणाली, "बेस हाय, बेस हाय." तिला वाटलं, तो सगळं ठीक आहे का विचारतोय. त्याला वाटलं, बेस चालू आहे. वास्तविक माझी वायर मिक्सरला लागली होती, पण तिथलं बटण बंदच होतं. नगरच्या दुकानात एवढी शोभा करून घेतलेल्या मला तरी हे कळायला हवं होतं. कळलं नाही.

पहिलं गाणं सुरू झालं. माझा मलाच आवाज येईना. पण पाठीशी कपाट नव्हतं, म्हणून वाटलं की आवाज समोरच्या लोकांना जात असेल. मी मन लावून वाजवत राहिलो. बेस येत नाही हे दाजींच्या मात्र लगेच लक्षात आलं. त्यांनी आनंदानं डावा हात कामाला लावला. वाजवत होते चांगलं, खोटं कशाला बोलू. खंजिरी तिथंच, कोरसवाल्यांच्या पुढ्यात पडली होती.

दुसऱ्या गाण्याच्या पहिल्याच कडव्याला ताई थांबली. ढोलकी दोन थाप पुढं जाऊन थांबली. ताईनं दाजींना हातानं थांबा म्हणून खुणावलं आणि माझ्याकडे वळली. माईक तोंडापाशीच होता. "तू वाजवीत न्हाईस का रं?" ती म्हणाली. "गळा उचलाया गेले की मला मागं कुनीच उभं न्हाई असं वाटतंय."

मी वाजवतोय, असं मी बोटं दाखवून सांगितलं. साउंडवाला मिक्सरकडे धावला, त्यानं बटण उघडलं. मी एकच तार छेडली. स्टेजच्या फळ्या थरथरल्या आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सावरून बसल्या. ताईनं डोळे मिटले.

"हां," ती माईकवरच म्हणाली, "हाय. माझा भाऊ मागं हाय."

मग तिनं कडवं पहिल्यापासून उचललं आणि दाजींनी डावा हात मांडीवर ठेवून दिला.